हाक कुठून आली?

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी नातवंडांचा मेळा जमतो. फराळाची ताटे रिकामी झाली आणि फटाक्यांचा पहिला भर ओसरला, की दुपारी माजघरात आंधळी कोशिंबीर सुरू होते. ज्याच्यावर राज्य त्याच्या डोळ्यांवर आजीच्या जुन्या लुगड्याची पट्टी, आणि भोवती टाळ्या वाजवीत पळणारी पोरे! गेल्या वर्षी मुलांनी मलाही त्यात ओढले. पट्टी बांधून हात पसरून उभा राहिलो. ‘आजोबा, इकडे!’ अशी हाक आली. आवाज धाकट्या नातीचा, हे मी तत्काळ ओळखले. पण ‘इकडे’ म्हणजे कोणीकडे, हे काही केल्या कळेना. मी उजवीकडे झेपावलो, आणि ती माझ्या डाव्या हाताशी उभी राहून हसत होती.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तो माझा डावा कान गेलेला होता. औषधपाणी झाले, पण कान काही परत आला नाही. उजवा शाबूत आहे. त्याने बोलणे कळते, गाणे कळते, शेजारच्यांचे भांडणही कळते. मात्र जगातल्या साऱ्या आवाजांचे पत्ते हरवले. टेलिफोन वाजला की तो शोधत घरभर हिंडावे लागते. रस्त्यात मोटारीचा भोंगा ऐकू येतो, पण मोटार कोणत्या अंगाने येत आहे ते ठाऊक नसते. म्हणून मी जागच्या जागी थिजून उभा राहतो. दोन कान असताना जी गोष्ट मी क्षणोक्षणी करीत होतो, ती करीत होतो हेच मला ती गेल्यावर समजले. मग मी या विषयावरची पुस्तके मिळवून वाचू लागलो. वाचता वाचता दोनशे वर्षांची एक सुरस कथाच हाती लागली. ती यंदा वाचकांना सांगावी असे मनात आले.

प्रथम प्रश्न काय आहे तो पाहू. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर समोरच्या देखाव्याचे चित्रच उमटते. उजवीकडची वस्तू पडद्यावर एका जागी, डावीकडची दुसऱ्या जागी. कानाचे तसे नाही. कानाच्या आत जो शंखासारखा गुंडाळलेला अवयव आहे, त्यात जागा ठरलेल्या असतात त्या सुरांच्या. बारीक सूर एका टोकाला आणि खर्ज दुसऱ्या टोकाला. दिशेसाठी तिथे जागाच नाही. तेव्हा आवाज कुठून आला हे कान सांगत नाही. ते मेंदू हिशेब करून काढतो. हा हिशेब तो कसा करतो, हाच प्रश्न.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन पंडिताने माणसांचे डोळे बांधून त्यांना आवाजाची दिशा ओळखायला लावले. ज्या कानाला आवाज मोठा लागतो त्या बाजूला तो आहे असे आपण समजतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पण या शास्त्राचा खरा पाया घातला तो इंग्लंडातील लॉर्ड रॅले याने. एसेक्स परगण्यात टर्लिंग येथे त्याची वाडवडिलार्जित जहागीर होती, आणि घरातच त्याने प्रयोगशाळा थाटली होती. 1876 साली हा उमराव हिरवळीच्या मधोमध डोळे मिटून उभा राहिला आणि भोवती मदतनीस उभे करून त्याने त्यांना आळीपाळीने आवाज करावयास सांगितले. आता याला आंधळी कोशिंबीर म्हणू नये तर काय म्हणावे!

कोणी एक शब्द जरी बोलले तरी रॅलेला दिशा बिनचूक कळे. नंतर त्याने माणसांच्या हाती नादकाटे दिले. नादकाट्याचा सूर शुद्ध, एकेरी. तो डावीकडे की उजवीकडे हे सहज कळे. परंतु समोर की पाठीमागे हे मात्र कळेना. यावरून तो विचारात पडला. डोक्याची सावली पडून पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो, हे बारीक सुरांबाबत ठीक होते. पण सेकंदाला 128 कंपने करणाऱ्या खर्जाच्या सुराची एक लाट अडीच मीटरांहून लांब. एवढ्या लाटेला वीतभर डोक्याचा काय अडथळा? ती वळसा घालून दोन्ही कानांना जवळजवळ सारखीच भेटते. तरीही खर्जाची बाजू ओळखता येते, ती कशी?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला रॅलेला एकतीस वर्षे लागली. मधल्या काळात त्याने हवेतला आर्गॉन वायू शोधून काढला आणि 1904 चे नोबेल पारितोषिकही मिळविले; पण हिरवळीवरचे ते कोडे त्याच्या मनातून गेले नव्हते. 1907 साली त्याने दोन किंचित भिन्न कंपनांचे सूर दोन नळ्यांनी दोन कानांत स्वतंत्रपणे सोडले. दोन्ही सूर सारख्याच जोराचे; पण एकाची लाट हळूहळू दुसरीच्या पुढे जाई, मागे पडे. आणि काय आश्चर्य! ऐकणाराला आवाज उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे झोके घेताना भासे. म्हणजे खर्जाच्या सुरात मेंदू आवाजाचा जोर नव्हे, तर लाट कोणत्या कानाला आधी लागली हे पाहतो. बारीक सुरासाठी जोर आणि खर्जासाठी वेळ, अशी ही दुहेरी उपपत्ती आजही मुळात टिकून आहे.

आता हा वेळ केवढा? आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. अगदी एका बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानाला पोचण्यास जो उशीर लागतो तो जास्तीत जास्त सेकंदाचा पंधराशेवा भाग. हा झाला सर्वांत मोठा फरक. सर्वांत लहान फरक, जो निरोगी माणसाला कळतो, तो सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा! मज्जातंतूतून जाणारी एक स्पंदनाची ठिणगी त्याच्या शंभरपट वेळ टिकते. जाडजूड हातांनी रेशमाचा धागा सुईत ओवावा तशी ही करामत आहे.

पहिल्या महायुद्धात ही करामत लष्कराच्या कामी आली. रात्रीच्या अंधारात शत्रूचे विमान दिसत नसे, ऐकू मात्र येई. म्हणून दोन मोठे कर्णे एकमेकांपासून दूर बसवून त्यांच्या नळ्या शिपायाच्या कानांना जोडीत. कान जणू ताणून रुंद केले, म्हणजे वेळेतला फरकही वाढला आणि दिशा अधिक नेमकी कळू लागली. जर्मनीत हॉर्नबोस्टेल आणि वेर्टहायमर या दोघांनी या कामातून निघालेले निष्कर्ष 1920 साली प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या केंट परगण्यात समुद्रकाठी 1928 ते 1930 च्या दरम्यान काँक्रीटचे प्रचंड ध्वनिदर्पण उभारण्यात आले. त्यांतली एक भिंत तर 200 फूट लांब. पुढे रडार आले आणि या भिंती निरुपयोगी झाल्या. आजही त्या तिथे उभ्या आहेत, न येणाऱ्या विमानांची चाहूल घेत.

लष्कराला उपयोग कळला. पण मेंदू हे करतो कसा, हे गूढच होते. 1948 साली लॉइड जेफ्रेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक सुंदर कल्पना मांडली. ती मी आपल्या मुंबईच्या चाळीच्या भाषेत सांगतो. चाळीला दोन टोकांना दोन जिने आहेत आणि मधे खोल्यांची रांग. उजव्या कानाचा निरोप्या एका जिन्याने येतो, डाव्याचा दुसऱ्या. दोघे सारख्याच वेगाने गॅलरीतून एकमेकांकडे धावतात आणि ज्या खोलीपुढे त्यांची गाठ पडते त्या खोलीत दिवा लागतो. दोघे एकाच वेळी निघाले तर मधल्या खोलीत दिवा. उजवा आधी निघाला तर तो अधिक चालून जाईल आणि दिवा डाव्या जिन्याजवळच्या खोलीत लागेल. मेंदूने कोणत्या खोलीत उजेड आहे एवढेच पाहावयाचे! वेळेचा प्रश्न त्याने जागेचा करून टाकला. ही सारी कल्पना कागदावरची होती. असली चाळ मेंदूत आहे की नाही, हे कोणी पाहिले नव्हते.

ती चाळ सापडली घुबडाच्या डोक्यात. आपण घुबडाला अशुभ म्हणतो आणि त्याच वेळी त्याला लक्ष्मीचे वाहनही मानतो. आपल्याकडेही पडक्या वाड्यांत आणि गोदामांत राहणारे, पांढऱ्या बदामी तोंडाचे जे गव्हाणी घुबड, तेच या कथेचे नायक. अमेरिकेत रॉजर पेन याने पूर्ण काळोख्या खोलीत वाळकी पाने पसरून त्यात उंदीर सोडला. घुबडाने नेमकी झडप घातली. उंदराऐवजी पानांतून कागदाचा बोळा दोरीने ओढला, तरी त्यावर तशीच झडप! म्हणजे वास नव्हे, शरीराची ऊबही नव्हे, निव्वळ सळसळ. आणि त्याच घुबडाच्या एका कानात बोळा घातला, तर त्याची झडप चुकली. हे वाचताना त्या पक्ष्याविषयी मला एकदम बंधुभाव वाटला.

क्योतो शहरातील रेशीम विणणाऱ्या घरात जन्मलेले मासाकाझू कोनिशी पुढे अमेरिकेत गेले आणि त्यांनी आयुष्य या पक्ष्याला वाहिले. घुबडाचे दोन कान एका पातळीत नसतात. डाव्याचे भोक वर असून त्याचा रोख खाली, उजव्याचे खाली असून रोख वर. त्यामुळे वेळेच्या फरकावरून त्याला डावे-उजवे कळते आणि जोराच्या फरकावरून वर-खाली. कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी घुबडाच्या डोक्याभोवती ध्वनिक्षेपक फिरवून त्याच्या मेंदूतील एकेका पेशीचा ठाव घेतला. 1978 साली त्यांनी जाहीर केले, की घुबडाच्या मेंदूत आवाजांच्या दिशांचा चक्क नकाशा आहे. प्रत्येक पेशी अवकाशातल्या एकाच ठिकाणाला साद देते. पुढे कॅथरीन कार आणि कोनिशी यांनी 1990 साली जेफ्रेसची ती चाळ, खोल्यांसह आणि दोन्ही जिन्यांसह, तिथे दाखवून दिली.

इथे कथा संपली असती तर फार गोड झाले असते. पण 2001 साली डेव्हिड मॅकाल्पाइन यांनी गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत आणि पुढच्याच वर्षी बेनेडिक्ट ग्रोथे आणि त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या एका उंदीरवर्गीय प्राण्यावर केलेल्या प्रयोगांत निराळेच दिसले. सस्तन प्राण्यांत खोल्यांची रांग आढळेना. तिथे मेंदूची डावी आणि उजवी बाजू यांत कोणत्या बाजूची खळबळ अधिक, हे तराजूत तोलल्यासारखे पाहिले जाते, असे त्यांचे म्हणणे. माणसाच्या डोक्यात चाळ की तराजू, हा वाद अद्याप मिटलेला नाही. सुंदर कल्पना खरी असते, पण सगळीकडे खरी असेलच असे नाही, एवढे शहाणपण यातून घ्यावे.

मला मात्र सर्वांत दिलासा दिला तो कानाच्या पाळीने. रॅलेला नादकाट्याचे पुढे-मागे कळले नव्हते, पण बोललेला शब्द कळला होता, तो का? शब्दात अनेक सूर मिसळलेले असतात, आणि पाळीच्या वळ्यांतून जाताना त्यातले काही उठतात, काही दबतात. दिशा बदलली की हा रंगही बदलतो. 1998 साली हॉलंडमध्ये चार माणसांच्या पाळ्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. तत्क्षणी त्यांना आवाज वर की खाली हे कळेनासे झाले. पण काही आठवड्यांत ते नव्या कानांनी ऐकावयास शिकले. साचे काढले तेव्हा जुनी विद्याही जशीच्या तशी हजर! आणि 2004 साली तेथल्याच संशोधकांनी दाखविले, की एकाच कानाने ऐकणारी काही माणसे उरलेल्या पाळीच्या या खुणांवरून दिशाही बऱ्यापैकी ओळखतात. सर्वांना ते साधत नाही. पण काहींना साधते. तेव्हापासून मी पहाटे गच्चीवर जाऊन डोळे मिटून कावळे शोधीत असतो. डोळे उघडावे तो बहुधा कावळा भलतीकडेच असतो. तरी पूर्वीपेक्षा कमी चुकतो, असा माझा समज आहे.

हे सारे वाचताना मला एकसारखी आठवण येई ती दशरथाची. शरयूच्या काठी अंधारात घडा बुडाल्याचा बुडबुड आवाज झाला आणि त्या शब्दवेधी राजाने बाण सोडला. दिशेचा हिशेब बिनचूक होता. बाण लागायचा तिथेच लागला. चूक झाली ती दुसऱ्याच हिशेबात. पाणी पिणारा हत्ती समजून त्याने श्रावणबाळाला मारले. 2008 साली लोंबर आणि मल्होत्रा यांनी मांजराच्या मेंदूतील एक भाग थंड करून काही काळ निजविला, तेव्हा मांजराला आवाज कुठून आला ते कळेना, पण कसला ते कळे. दुसरा भाग निजविला, तेव्हा कुठून ते कळे, पण कसला ते कळेना. म्हणजे ‘कुठे’ आणि ‘कोण’ ही मेंदूतली दोन निरनिराळी खाती आहेत. एक चोख असले म्हणून दुसरे चोख असेलच असे नाही.

दशरथाला कुठे ते कळले होते, कोण ते कळले नाही. आणि त्या एका चुकीने त्याचा जन्म जळला. माझे नेमके उलटे आहे. धाकटी हाक मारते, तेव्हा ती कुठे आहे ते मला सांगता येत नाही. कोण आहे ते मात्र पहिल्या अक्षराला कळते. दोहोंतले एकच पदरात पडावयाचे असेल, तर मला मिळाले तेच बरे, असे मी आता म्हणतो.

मुलांनीही आपल्यापुरता तोडगा काढला आहे. माझ्यावर राज्य आले, की धाकटी एकदाच ‘आजोबा’ म्हणते आणि मग पळत नाही. जागच्या जागी उभी राहून, माझा हात तिच्या डोक्याला लागेपर्यंत ती टाळ्या वाजवीत राहते.