आजीची तपकीर आणि नातीची सिगारेट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० सालीं जी खानेसुमारी झाली, तींत एक गोष्ट प्रथमच दिसून आली. अडीच हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गांवांत व शहरांत राहणाऱ्यांची संख्या निम्म्यावर, म्हणजे शेंकडा ५१ वर, गेली होती. या स्थलांतरांत तरुण मुलींचा वांटा मोठा होता. शेतकऱ्याच्या मुलाला आज ना उद्यां शेत मिळण्याची आशा असे. मुलीपुढें लग्न, शाळेंतील मास्तरकी किंवा परक्याच्या घरची चाकरी एवढेच मार्ग असत. टाइपरायटर, टेलिफोन आणि मोठमोठीं दुकानें यांनीं तिला चौथा मार्ग काढून दिला. त्या सालापर्यंत अमेरिकेंतील टंकलेखकांपैकीं दहांत नऊ स्त्रिया झाल्या होत्या. शिकागो किंवा न्यूयॉर्कसारख्या शहरीं भाड्याच्या खोलींत एकटी राहून आपल्या कमाईवर पोट भरणारी मुलगी हें एक नवेंच माणूस समाजांत वावरूं लागलें. या मुलीच्या हातीं सिगारेट कशी आली, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण ती सामान्यतः सांगितली जाते तशी घडलेली नाहीं.

सामान्य समजूत अशी कीं, भोळी खेडवळ पोर शहरांत गेली आणि तेथील हवेनें बिघडली. तंबाखू हें तिच्या बिघाडाचें लक्षण. परंतु तंबाखू तिच्या आजीच्या घरींच होती! राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या पत्नी डॉलीबाई चारचौघांत तपकीर ओढीत, आणि अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचेलबाई पाइप ओढीत, हें प्रसिद्धच आहे. दक्षिणेकडील संस्थानांत तर खेडोपाडीं बायका झाडाची एक कोंवळी काडी घेत, तिचें टोंक चावून कुंचल्यासारखें करीत, तें तपकिरींत बुडवीत आणि दांतांवर व हिरड्यांवर चोळीत बसत. आपल्याकडे कोंकणांतून वा देशावरून मुंबईच्या गिरणगांवांत आलेल्या बायकांची मशेरीची डबी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. ओसरीवर बसून तपकीर चोळणाऱ्या त्या म्हातारीला कोणी कुलटा म्हटलें नाहीं. तेव्हां नातीच्या बाबतींत निराळें घडलें तें तंबाखूमुळें नव्हे, तर तंबाखूच्या नव्या रूपामुळें.

सिगारेटीला तोंवर मान नव्हता. पुरुष चिरूट ओढीत, पाइप ओढीत किंवा तंबाखू चघळीत. सिगारेट म्हणजे उनाड पोरांचें व परदेशांतून आलेल्या गरिबांचें व्यसन. त्यांतून ती हातानें वळावी लागे. जेम्स बॉन्सॅक या तरुणानें सिगारेट वळण्याचें यंत्र तयार केलें, आणि नॉर्थ कॅरोलायनांतील डरॅम गांवच्या जेम्स ड्यूक यानें १८८४ सालीं तें आपल्या कारखान्यांत चालविलें. दिवसाकांठीं लाखावर सिगारेटी एका यंत्रांतून पडूं लागल्या. इतका माल खपवावयाचा कोठें, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला. १९१३ सालीं निघालेली ‘कॅमल’ सिगारेट दहा सेंटांना वीस मिळे. पुढें पहिल्या महायुद्धांत लक्षावधि सैनिकांना तिची संवय लागली. पुरुष गिऱ्हाईक असें हातीं आलें. अर्धा देश मात्र अद्याप बाकी होता.

तो अर्धा देश कायद्यानें दूर ठेवूं पाहणारेहि होते. न्यूयॉर्क शहराच्या सभेनें १९०८ च्या जानेवारींत असा नियम केला कीं, सार्वजनिक जागेच्या मालकानें आपल्या जागेंत स्त्रियांना धूम्रपान करूं देतां कामा नये. दुसऱ्याच दिवशीं केटी मल्केही या बाईला रस्त्यांत सिगारेट ओढल्याबद्दल पकडण्यांत येऊन पांच डॉलर दंड झाला. नियम होता मालकांसाठीं, दंड झाला बाईला! तिनें तो भरण्याचें नाकारलें व कोठडी पत्करली. पुढें दोनच आठवड्यांत महापौर मॅक्लेलन यांनीं हा नियम रद्द केला. शिकागोंत लूसी पेज गॅस्टन ही पूर्वाश्रमींची शिक्षिका १८९९ पासून सिगारेटविरोधी संघ चालवीत होती. तिच्यासारख्यांच्या खटपटीनें बारांहून अधिक संस्थानांनीं केव्हां ना केव्हां सिगारेटविक्रीवर बंदी घातली. त्यांपैकीं शेवटची बंदी कॅन्ससनें १९२७ सालीं उठविली. गॅस्टनबाई कडव्या होत्या, त्यांची चेष्टाहि पुष्कळ झाली. पण सिगारेट शरीराला घातक आहे हें त्यांचें म्हणणें शास्त्रज्ञांच्या आधीं कित्येक वर्षांचें होतें. दोष असेल तर तो त्या काळच्या एकंदर सुधारकांचा. ते स्त्रीच्या शीलाविषयीं जितकें बोलत, तितकें कारखानदाराच्या नफ्याविषयीं बोलत नसत. परिणाम असा झाला कीं, सिगारेट न ओढणें म्हणजे वडीलधाऱ्यांचें ऐकणें, आणि ओढणें म्हणजे आपल्या मताप्रमाणें चालणें, असा अर्थ तरुण मुलींच्या मनांत रुजला. जाहिरातदाराला याहून सुपीक जमीन कोठली मिळणार?

आतां त्या भाड्याच्या खोलींतील मुलीकडे वळूं. तिचें बोलणें, चालणें, कपडे, सगळें गांवाकडचें. कचेरींतल्या सोबतिणी हंसतील ही धास्ती तिला पगाराच्या काळजीपेक्षां कमी नसे. शहरचें होण्यासाठीं ती काय करूं शकत होती? उच्चार बदलण्यास वर्षें लागत, चांगल्या पोशाखास पैसे लागत. केंस मात्र एका दिवसांत कापतां येत आणि सिगारेट दहा-पंधरा सेंटांत मिळे. चित्रपटांतील नायिका ती कशी धरते हें पाहून ठेवलें म्हणजे झालें. सुशिक्षित वर्गांतील मुलीहि त्याच वाटेनें चालल्या होत्या. ब्रिन मॉर या स्त्रियांच्या विख्यात महाविद्यालयानें १९२५ सालीं विद्यार्थिनींना धूम्रपानाची मोकळीक दिली. खेड्यांतून आलेल्या मुलीला सिगारेटीची गोडी किती होती हा प्रश्न गौण आहे. तिला हवी होती ती शहराची ओळखचिठ्ठी.

व्यापाऱ्यांनीं हें फार चांगलें ओळखलें. १९२६ सालीं ‘चेस्टरफील्ड’च्या जाहिरातींत एक तरुणी सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाजवळ बसून थोडा धूर आपल्याकडेहि सोडण्यास त्याला विनविते. तिच्या स्वतःच्या हातांत सिगारेट नाहीं. तेवढें धैर्य तेव्हां झालें नव्हतें. दोन वर्षांनीं ‘लकी स्ट्राइक’चा चालक जॉर्ज वॉशिंग्टन हिल यानें गोड खाऊ सोडून सिगारेट ओढण्याचा उपदेश सुरू केला, सडपातळ दिसण्याच्या हौशीवर त्याचा रोख होता. मिठाईवाले खवळले, पण खप वाढला. तरीहि रस्त्यांत उघडपणें ओढण्यास स्त्रिया धजत नसत. हिलनें मग एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञास गांठलें. हा मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड याचा भाचा. त्यानें ब्रिल नांवाच्या मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला आणि सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ हें नांव दिलें. ३१ मार्च १९२९ रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर फिरावयास निघालेल्या कांहीं तरुणींनीं भर गर्दींत सिगारेटी पेटविल्या. स्त्रीस्वातंत्र्याच्या नांवानें त्यांना बोलावणें गेलें होतें. वृत्तपत्रांनीं ती बातमी देशभर नेली. तिच्यामागें कोणाचे पैसे होते, हें मात्र वाचकांना कळलें नाहीं. त्या तरुणी श्रीमंत घरच्या होत्या. ज्यांच्यासाठीं हा देखावा मांडला होता, त्या टंकलेखिका आणि दुकानांतल्या मुली तो वर्तमानपत्रांत पाहणार होत्या. मताचा हक्क १९२० सालीं मिळवितांना या देशांतील स्त्रियांनीं सत्तर वर्षें खपून जो शब्द मोलाचा केला, तो एका दुकानदारानें दहा वर्षांच्या आंत आपल्या पाकिटाला चिकटविला!

गंमत अशी कीं, १९३४ सालीं त्या पाकिटाचा हिरवा रंग कपड्यांशीं जुळत नाहीं म्हणून स्त्रिया तें घेत नाहींत, असें आढळलें. हिल रंग बदलीना. तेव्हां बर्नेजनें पाकिटाऐवजीं कपडेच बदलण्याचें ठरवून हिरव्या रंगाची टूम काढली व मोठ्या घरच्या स्त्रियांकडून हिरव्या पोशाखाचा नृत्यसमारंभ घडवून आणला.

१९३५ सालीं ‘फॉर्च्यून’ मासिकानें केलेल्या पाहणींत शेंकडा १८ स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या. चाळिशीच्या आंतल्या शेंकडा २६, चाळिशीपुढच्या शेंकडा ९. आई आणि मुलगी यांतलें अंतर या आंकड्यांत स्पष्ट दिसतें. १९६५ पर्यंत हें प्रमाण शेंकडा ३४ च्या घरांत गेलें. रोग मात्र सावकाश आला. सिगारेटीनें फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हें १९६४ च्या सरकारी अहवालानें पुरुषांच्या बाबतींत निश्चितपणें सांगितलें; स्त्रियांविषयींचा पुरावा पुरा जमण्यास आणखी अवधि लागला, आणि त्यांच्यासंबंधींचा स्वतंत्र अहवाल १९८० सालीं निघाला. १९८७ पासून अमेरिकेंत स्तनांच्या कर्करोगापेक्षां फुफ्फुसाच्या कर्करोगानें अधिक स्त्रिया मरूं लागल्या.

त्यानंतर शहरांनीं ही टूम बव्हंशीं टाकली. शिकलेल्या, बऱ्या पगाराच्या स्त्रियांत सिगारेट आतां क्वचित् दिसते, आणि अमेरिकेंतील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांत धूम्रपानाचें प्रमाण शहरांतल्याहून अधिक आहे. शहरचें होण्याची खूण म्हणून जी वस्तु खेड्यांतल्या मुलीनें उचलली, ती आज केंटकी व वेस्ट व्हर्जिनिया यांच्या डोंगराळ भागांत, जेथें तिच्या पणज्या काडीनें तपकीर चोळीत बसत, तेथेंच ठाण मांडून आहे. आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण त्या देशांत सर्वांत अधिक ज्या संस्थानांत आढळतें, त्यांत हीं दोन्ही येतात.