तीन तिकिटांचा ताळेबंद

३१ मार्च या तारखेला फक्त बँकवाल्याच्याच पोटात गोळा येतो, अशी माझी समजूत होती. मुंबईची ट्रॅम १९६४ सालच्या ३१ मार्चलाच बंद झाली हे कळले, तेव्हा माझ्यातला बी. कॉम. म्हणाला, "वा! खाते कसे वेळेवर बंद केले!"

हे खाते उघडले ९ मे १८७४ रोजी. कुलाब्याहून आणि बोरीबंदरहून घोड्यांच्या ट्रॅमगाड्या पायधुणीकडे निघाल्या. भाडे तीन आणे, आणि तिकीट? छे, तिकीटच नाही! म्हणजे रक्कम जमा, पण पावती नाही. आमच्या शाखेत असे घडते तर चौकशीच बसली असती. पुढे व्हायचे तेच झाले. भाडे दोन आण्यांवर आले, तरी फुकटे वाढले, आणि मग तिकिटे छापावी लागली. ७ मे १९०७ ला विजेची ट्रॅम आली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट बस सुरू झाली, आणि ट्रॅमच्या घरात सवत शिरली.

सायकलचे म्हणाल, तर १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे १९२८ च्या मार्चमध्ये तो पुरा करून परतले. हे वाचून मला स्फुरण चढले. मी लालबागहून फोर्टला सायकलने निघालो. भायखळ्याच्या पुलावर चेन पडली. उरलेला प्रवास सायकलने माझ्याबरोबर चालत केला.

चालणे आमच्या रक्तातच आहे म्हणा! आजोबा गिरणी कामगार. ट्रॅम चाळीवरून जायची, पण हे कामावर पायी. "देवानं पाय फुकट दिलेत, मग आणा कशाला घालवायचा?" त्या ३१ मार्चला मात्र पाळी संपवून आले आणि आजी, आत्या, बाबा अशा सगळ्यांना घेऊन ट्रॅममध्ये चढले. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. आजोबा दादरपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघत होते. परत येताना सगळ्यांना चालवत आणले. तिकिटे एकाच बाजूची काढली होती. त्यातले एक बाबांनी डब्यात जपून ठेवले.

१५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईची जुनी डिझेलवरची डबलडेकर शेवटची धावली. मी रजा मागितली होती, साहेबांनी नुसते चष्म्यावरून पाहिले. रात्री घरी आलो, तर बाबांनी माझ्या ताटाशेजारी दोन तिकिटे ठेवली.

"अंधेरीला जाऊन आलो. तुझंही काढलं."

"अहो बाबा, पण मी कुठं होतो?"

"असू दे. भाडं भरल्याची नोंद राहिली ना?"

आता त्या डब्यात तीन तिकिटे आहेत. वीस वर्षे खातेवह्या जुळवतो आहे, पण ही रक्कम कोणत्या बाजूला लिहायची, ते काही मला अजून जमलेले नाही.