पिळाची दिशा

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा अभ्यासक्रम आखला. कताईच्या अगदी सुरुवातीलाच त्यात टकळी, म्हणजे सूत कातायची हातातली छोटी चाती, उजव्या हाताने चालवणं आणि डाव्या हाताने चालवणं असे दोन वेगळे पाठ आहेत. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण यंत्रशास्त्रातला डाव्या-उजव्याचा प्रश्न इथे मुलाच्या बोटांत येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दांडी धरून चुटकी दिली की टकळी भिरभिरते. डावा हात म्हणजे उजव्याचं आरशातलं रूप. त्याने हुबेहूब तशीच चुटकी दिली तर टकळी उलटी फिरणार. सूत अर्धं कातून झालं असेल तर आधीचा पीळ उकलेल आणि धागा हातातच सुटेल. म्हणून डाव्या हाताला बोटांची चाल बदलावी लागते. न्यूटनच्या नियमांना दोन्ही दिशा सारख्याच. समतोल मोडतो तो पहिल्या चुटकीने.

यावर कुणी म्हणेल, उलट-सुलट हे बघणाऱ्यावर असतं. टकळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, खालून पाहिली तर विरुद्ध. फिरण्याबाबत हे खरं आहे, पण पिळाबाबत नाही. उभ्या धरलेल्या सुतात पीळ डावीकडून उजवीकडे वर चढत असेल, म्हणजे झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखा, तर सूत उलटं टांगलं तरी तो तसाच चढतो. पाहण्याची जागा कितीही फिरवा, झेडचा एस होत नाही. तो फक्त आरशात होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दिशा तंतूच ठरवत असेल. जवसाच्या तंतूचा ओढा एस पिळाकडे असतो आणि प्राचीन इजिप्तचं जवसाचं कापडही त्याच पिळाचं आहे. कापसाच्या तंतूतली वळणं मात्र लांबीभर पुन्हा पुन्हा दिशा बदलतात, त्यामुळे त्याला कोणतीच बाजू नाही. तरीही भारतीय सूत परंपरेने झेड पिळाचं. लाल समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात सापडलेलं झेड पिळाचं सुती कापड अभ्यासक त्याच खुणेवरून भारताचं मानतात. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसालाही दिशा मिळते ती कातणाऱ्याच्या सवयीतून.

ही दिशा हवी तेव्हा उलटवताही येते. चरख्याची माळ, म्हणजे चाक आणि चाती जोडणारी दोरी, आठाच्या आकड्यासारखी तिढा देऊन चढवली, तर चाक नेहमीसारखंच फिरवूनही चाती उलटी फिरते. दोन पदरी सूत बटताना ही उलटी दिशाच लागते: झेड पिळाचे दोन धागे एस दिशेने बटले की ते एकमेकांना धरून बसतात.