गावातली चार वर्षं

आमच्या गावात एका वेळी चार वर्षं नांदायची. सालगड्याचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू व्हायचं, आडत दुकानदाराचं दिवाळीच्या पाडव्याला, तलाठ्याचं १ ऑगस्टला आणि नगरपालिकेचं १ एप्रिलला. अण्णा नगरपालिकेत कारकून. त्यामुळे आमच्या घरावर राज्य होतं ते या चौथ्या वर्षाचं.

मार्च लागला की अण्णा जेवायला घरी येतील याचा भरवसा नसे. रानात ज्वारीची रास पडलेली, बांधावरचा पळस लाल झालेला आणि अण्णा बिलांच्या ढिगात. आई भाकरीचं फडकं माझ्या हाती द्यायची. कचेरीत गेलं की एका टेबलावर घरपट्टीच्या थकबाकीची यादी, दुसऱ्यावर पाणीपट्टीची, तिसऱ्यावर ठेकेदाराची बिलं. नगरपालिकेच्या स्वतःच्या पैशाची एवढी धास्ती नसायची. तो उरला तर शिल्लक म्हणून पुढच्या वर्षात ओढता येई. धास्ती असायची सरकारी अनुदानाची. ३१ मार्चच्या आत खर्च पडला नाही की ते परत. म्हणून त्या रात्री ट्रेझरीत उशिरापर्यंत दिवे जळायचे, आणि अण्णा पहाटे येऊन न बोलता झोपायचे.

आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवरून हे सगळं बघायचे. ते निजामाच्या काळात तहसील कचेरीत कारकून होते. उर्दू लिहायचे, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब त्यांना झोपेतही यायचा. ते अण्णांना विचारायचे, "आरं, बजट कशाचं लिवायलास? पान्याचं का कागदाचं?" अण्णा उत्तर देत नसत. मलाही बरीच वर्षं त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही.

आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं हे सगळ्यांना ठाऊक आहे. धाराशिवचं उस्मानाबाद झालं ते शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून, आणि २०२३ ला ते पुन्हा धाराशिव झालं. पण मधल्या काळात इथलं वर्षही बदललं, ते फारसं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

निजामाच्या राज्यात कारभार फसली सनावर चालायचा. फसल म्हणजे पीक. शेतसारा पिकाच्या वेळी यावा म्हणून अकबराच्या काळात हा सन निघाला आणि शहाजहानच्या काळात दख्खनेत आला. इसवी सनातून ५९० किंवा ५९१ वजा केले की आमच्याकडचा फसली सन निघतो. हैदराबाद संस्थानात या वर्षाचा पहिला महिना आजूर. तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचा. मग दै, बहमन, इस्फंदार असं करत शेवटचा आबान. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या रस्त्यानं नळदुर्गात शिरली, तेव्हा १३५७ फसलीचा आबान चालू होता. संस्थान गेलं ते त्याच्या वर्षाच्या शेवटच्याच महिन्यात.

पुढं १ एप्रिल १९५० ला हैदराबादचा जमाखर्च केंद्राच्या व्यवस्थेत मिळाला. एप्रिल-मार्चचं वर्ष हिंदुस्थानात इंग्रजांनी १८६७ ला आणलेलं. त्याआधी त्यांचंही वर्ष १ मेला सुरू व्हायचं. विलायतेच्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून ते महिनाभर अलीकडं ओढलं गेलं. बालाघाटाच्या पठारावर पाऊस कधी पडतो, ज्वारी कधी पेरतात, आड कधी आटतात, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

फसली वर्षाचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. त्या राज्यात गावाच्या पैशाचं काय करायचं हे सामान्य कुणब्याला कुणी विचारत नव्हतं, आणि आबांनीच सांगितलेल्या वसुलीच्या गोष्टी ऐकून अंगावर काटा येतो. पण एक गोष्ट त्या वर्षात होती. हस्ताचा पाऊस पडत असताना आजूर लागायचा. म्हणजे नवं वर्ष लागताना तळ्यात किती पाणी आलं, खरीप काय पदरात पडलं, रब्बीला ओल किती, हे डोळ्यांना दिसत असायचं. आणि पुढचा उन्हाळा अख्खा त्याच वर्षात असायचा. एप्रिल-मार्चच्या वर्षात उन्हाळ्याच्या मधोमध रेघ पडते. बजेट फेब्रुवारीत मांडायचं, तेव्हा येणाऱ्या पावसाचा पत्ता नसतो आणि सरल्या पावसाचं पाणी अजून पुरतं आटलेलं नसतं.

याचा फटका आमच्या गावानं बघितला. बाहत्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी वेशीजवळच्या जुन्या बारवेतला गाळ काढायला अनुदान आलं. आलं ते फेब्रुवारी सरताना. बारवेत तेव्हा दोन पुरुष पाणी. गाळ काढायचा तर पाणी उपसून फेकायचं, आणि तेच पाणी अर्धं गाव पीत होतं. "गाळ काढला असं लिहा, मे महिन्यात काढून देतो," असं ठेकेदार म्हणाला. अण्णांनी मोजमाप न झालेल्या कामाचं बिल लिहायला नकार दिला. ३१ मार्चला पैसे परत गेले. मे महिन्यात बारवेचा तळ उघडा पडला. बाया शेवटच्या पायरीवर बसून वाटीनं घागर भरत होत्या, आणि गाळ हाताला लागेल असा समोर होता. त्या दिवशी आबांचा प्रश्न मला कळला.

दिल्लीत हे कुणाला सुचलं नाही असं नाही. १९८४ ला एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पावसाळ्याचा विचार करून तिनं जानेवारी-डिसेंबर वर्षाची शिफारस केली. सरकारनं ती मानली नाही. गंमत अशी की सरकारच्याच एका कागदात पाण्याचं वर्ष टिकून आहे. पाणीटंचाईचा आराखडा जिल्ह्यात आजही ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत होतो. आबा असते तर म्हणाले असते, बघ, आजूरच हाय. पण त्या आराखड्यातला शेवटचा, सगळ्यात कडक टप्पा एप्रिल ते जून. तो नेमका नव्या आर्थिक वर्षात जाऊन पडतो. २०१६ ला मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. पहिली गाडी निघाली ती ११ एप्रिलला, नवं वर्ष लागून दोन आठवडेही झाले नव्हते.

आणि माणसांचं काय? आमच्या गावाच्या खालच्या अंगाला ऊसतोड्यांची गल्ली आहे. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या जायच्या आणि पाडव्याच्या मागंपुढं परतायच्या. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली, तशी घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवरची भिस्त वाढली. मार्चमध्ये थकबाकीदाराच्या दारापुढं हलगी वाजवायची टूम निघाली. अण्णांच्या नोकरीची ती शेवटची वर्षं. मी त्यांच्याबरोबर त्या गल्लीत गेलो होतो. हलगीवाला कडकडाट करत होता आणि समोर दाराला कुलूप. ओळीनं सगळीच कुलपं. ऐकायला दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी. अण्णांनी कुलपाखाली नोटिसा चिकटवल्या.

पाडव्यानंतर आठ दिवसांनी एक बाई नोटीस घेऊन घरीच आली. फडावरून आलेली, हाताला पाचटाचे ओरखडे. पदराच्या गाठीतून पैसे सोडून तिनं ओट्यावर ठेवले.

"मालक, पट्टी घ्या. पर आमच्या गल्लीला नळ कवा येनार?"

अण्णा म्हणाले, "मावशी, पैसे उद्या कचेरीत भरा, पावती घ्या. नळाचं मात्र बजेटात यावं लागतं. सभा झाली आता. पुढच्या फेब्रुवारीत अर्ज द्या, सभेला या."

बाईनं पैसे परत गाठीला बांधले.

"फेब्रुवारीत आमी फडावर अस्ताव," ती म्हणाली.