माझ्या नावावरचा बेडूक

लोकांच्या नावावर जमीन असते, सोसायटीत ब्लॉक असतो, गेला बाजार पोस्टात बचतपत्रं तरी असतात. माझ्या नावावर एक बेडूक आहे. १९७१ साली कॉलेजात सायन्सला असताना तो मी कापला आणि त्याचा हिशेब अजून लागलेला नाही.

आमच्या घराण्यात एक तरी डॉक्टर व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. घराण्याला तसा काही आजार नव्हता, पण हौस होती. म्हणून मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, उसना पांढरा कोट घालून उभा. एका बेडकामागे दोन विद्यार्थी असं प्रमाण होतं. बेडूक क्लोरोफॉर्म देऊन, मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचण्यांनी ताणून उताणा ठोकलेला. पार्टनरने कात्री चालवली, मी चिमटा धरला, आणि पोट उघडल्यावर बघतो तो काय, हृदय चालू! आपलं शांतपणे आकसतंय, फुगतंय.

मी ओरडलो, "सर, हा जिवंत आहे!"

"तो नाही, त्याचं हृदय जिवंत आहे. बेडकाचं असंच असतं. तीन कप्पे मोजा आणि पुढे चला."

पुढे मी गेलोच नाही. तास संपेपर्यंत त्या हृदयाकडे बघत बसलो आणि आकृती पार्टनरच्या जर्नलवरून उतरवून काढली. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मंडूकसूक्त आहे. गुरूमागून शिष्याने घोकावं तसा एक बेडूक दुसऱ्याचं बोलणं घोकतो, असं त्यात वसिष्ठ ऋषींनी म्हटलंय. आमची बॅच त्यांना आधीच दिसली असणार. पार्टनरने यकृताला मूत्रपिंड म्हटलं होतं; मीही म्हटलं. सरांनी दोघांच्याही जर्नलवर सही केली. बेडूक गेला, सही मिळाली. डॉक्टर काही झालो नाही, बँकेत लागलो.

निवृत्त झाल्यावर लायब्ररीतून विज्ञानाच्या इतिहासाची पुस्तकं आणायला लागलो, तेव्हा कळलं की माझा बेडूक केवढ्या मोठ्या घराण्यातला होता!

अठराव्या शतकात इटलीत लाझारो स्पालान्झानी नावाचे पाद्री होते. प्राण्यांची उत्पत्ती कशी होते, हा त्यांचा ध्यास. (पाद्र्याने या विषयात इतकं लक्ष घालावं का, हा प्रश्न वेगळा.) त्यांनी नर बेडकांना तलम तॅफेटाच्या चड्ड्या शिवून घातल्या. कल्पना आधी फ्रान्सच्या रेओम्यूरला सुचली होती, तडीस नेली ती यांनी. चड्डीवाल्या बेडकांनी संसार नेहमीसारखाच केला, पण अंडी फळेनात. मग चड्डीत साठलेले थेंब अंड्यांना लावले, तर त्यांतून बेडूकमासे निघाले! नराचा द्रव अंड्याला प्रत्यक्ष लागावा लागतो, हे सिद्ध झालं. त्यातल्या वळवळणाऱ्या शुक्रजंतूंचा मात्र या कामाशी संबंध नाही, असं म्हणून त्यांनी हातातलं अर्धं यश सोडून दिलं.

त्याच सुमारास बोलोन्यात लुइजी गॅल्व्हानी बेडकांच्या सोललेल्या तंगड्या घेऊन बसले होते. दोन धातूंचा स्पर्श झाला की मेलेली तंगडी लाथ मारायची. १७९१ साली त्यांनी जाहीर केलं की प्राण्याच्या अंगातच वीज असते. पावियाचे व्होल्टा म्हणाले, छे, वीज धातूंच्या जोडीची, बेडूक नुसता साक्षीदार! भांडण दोन प्राध्यापकांचं, तंगड्या तिसऱ्याच्या. आपलं म्हणणं खरं करायला व्होल्टांनी १८०० साली बेडकाशिवायच वीज करून दाखवली. आपल्या टॉर्चमधला सेल हा त्या भांडणाचा वंशज.

पुढे १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकीला तर दवाखान्यात नोकरीच लागली. बाईची लघवी बेडकीला टोचायची. दिवस गेले असतील तर बेडकी दिवसभरात अंडी घालून मोकळी. म्हणजे गोड बातमी सासूच्या आधी बेडकीला! त्याआधी याच कामासाठी उंदीर आणि ससे मारून बघावे लागत. बेडकी बातमी देऊन पुन्हा टाकीत जायची आणि पुढच्या सुनेची वाट बघायची.

पण मला घाम फोडला तो ऑटो लोवीने. ऑस्ट्रियात ग्राझ गावी हा औषधशास्त्राचा प्राध्यापक. मज्जातंतू आपला निरोप अवयवापर्यंत पोचवतो कसा, विजेने की रसायनाने, यावर तेव्हा मोठमोठ्यांत वाद चालू होता. एका रात्री लोवीला स्वप्नात प्रयोग दिसला. झोपेतच उठून त्याने कागदावर खरडलं आणि परत झोपला. सकाळी बघतो तर स्वतःचं अक्षर स्वतःला लागेना! (वडिलांना हवा होता तसा डॉक्टर.) दिवसभर कागद उलटासुलटा करून झाला. नशिबाने दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी त्याने कागदावर विश्वास ठेवला नाही, उठला आणि थेट प्रयोगशाळेत गेला.

तिथे त्याने दोन बेडकांची हृदयं काढून द्रावणात चालू ठेवली. पहिल्याचा मज्जातंतू शाबूत होता, तो चेतवला; हृदय मंदावलं. मग त्याच्या भोवतालचं द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयाला दिलं. दुसऱ्याला मज्जातंतूच नव्हता, तरी तेही मंदावलं! म्हणजे निरोप रसायनाचाच. हे १९२१ साली प्रसिद्ध झालं, १९३६ साली नोबेल मिळालं. मेंदूच्या आणि मनाच्या आजारांवरची कितीतरी औषधं या दोन हृदयांची देणेकरी आहेत. १९३८ साली नाझींनी लोवीला अटक केली आणि नोबेलचे पैसे काढून घेऊनच देशाबाहेर जाऊ दिलं.

हे वाचलं त्या रात्री मला स्वप्न सोडा, झोपच लागली नाही. अहो, तेच हृदय! तसंच आकसत-फुगत माझ्याही समोर तासभर चालू होतं. लोवीने दोन बेडकांत जगाचं काम केलं आणि मी एका बेडकात एक सही मिळवली. आणि मी काही एकटा नव्हतो. त्या दिवशी ओळीने सगळी टेबलं भरलेली होती.

हिला सांगितलं, तर म्हणाली, "बेडकाचं एवढं वाटतंय, परवा बोंबलांचं नाही वाटलं ते?"

"बोंबील वाया गेले नव्हते," मी म्हणालो.

आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, त्या १९८७ साली सरकारने बंद केल्या. शेतातली कीड खायला बेडूक उरेनात, हे एक कारण. विद्यापीठ अनुदान आयोगाला जाग यायला २०११ उजाडलं; त्या साली वर्गातली कापाकापी टप्प्याटप्प्याने थांबवा, अशा सूचना निघाल्या. माझी नात बी.एस्सी.ला आहे, ती बेडूक कॉम्प्युटरवर कापते. परवा शेजारी बसवून तिने मला दाखवलं. कातडी बाजूला झाली, स्नायू बाजूला झाले, रक्त नाही, वास नाही. मग एक बटण दाबलं की सगळं परत जागच्या जागी.

"आजोबा, तुम्ही खरा कापला होतात ना? मग ओळखा बघू एकेक," म्हणत तिने माउस माझ्या हातात दिला.

यकृत चुकलं. मूत्रपिंडही चुकलं. मग तिने हृदय विचारलं.

मी बाण नेमका त्यावर नेऊन ठेवला. चित्रातलं ते हृदय मात्र हलत नव्हतं.