लकवा झालेल्या माणसाला आणि त्याला सांभाळणाऱ्याला आधार

लकव्याला आपल्या घरांत फालिज म्हणतात, पुस्तकात पक्षाघात. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली की हा झटका येतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे व सहकाऱ्यांनी 86 गावांतल्या मृत्यूंची नोंद तपासली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकवा हेच मृत्यूचे पहिले कारण निघाले, सुमारे सातात एक. बहुतेकजण घरीच गेले. गडचिरोली आपल्या गोंदियाला लागूनच आहे.

पहिले तास

तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोलणे अडखळले तर लगेच 108 लावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅननंतर. नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या चोरखमाऱ्यासारख्या गावातून निघायचे तर कबुतराचे रक्त आणि तेलमालिश यांत वेळ घालवणे परवडत नाही. झटका किती वाजता आला ते लिहून ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतात.

घरी आल्यावर

खरी परीक्षा इथून सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलणे, बसवूनच भरवणे, व्यायाम, बीपीची गोळी न चुकवणे. हे बहुधा बायको, सून किंवा मुलगी एकटीच करते. ज्याची वाचा गेली त्याला समजतही नाही असे धरू नका. त्याच्यासमोर ‘आता काय उरलं’ असे बोलू नका. साधारण तिघांत एकाला उदासी घेरते. त्याच्यासाठी आणि सांभाळणाऱ्यासाठीही टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे.

मोहल्ल्याने काय करावे

बीमारपुरसीला आपण जातो, दहा मिनिटे बसतो, दुआ करतो, चहा पिऊन येतो. तो चहा तीच थकलेली बाई करते! त्याऐवजी वाटून घ्या: एक घर आठवड्यातून एकदा डबा देईल, एक तरुण दवाखान्यात नेईल, एक शेजारीण दोन तास बसेल म्हणजे ती झोपेल. मशिदीत खुर्ची आणि उतार करा. बसून, झोपून, इशाऱ्यानेही नमाज होते, हे इमामसाहेबांनी घरी जाऊन सांगितले तर रुग्णाचे मन हलके होते. गरजू असेल तर जकातीतून औषधे आणि फिजिओथेरपी करता येते.

सरकारी मदत

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड घ्या. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. फॉर्म भरणे शिकलेल्या पोरांनी अंगावर घ्यावे. आम्ही शिक्षक मंडळीही त्यात आहोतच.

सांभाळणाऱ्या बाईला ‘सब्र कर’ सांगणे सोपे आहे. आजच तिच्या दारात जाऊन विचारू या, ‘आपा, आज मी बसते, तुम्ही झोपता का?’