उपवासकाळ (लेंट)

उपवासकाळ : ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती व्रतकाळ. यालाच प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात. पश्चिमी परंपरेत भस्म बुधवारी, म्हणजे राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून तो सुरू होतो. तेथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. त्यांतले ६ रविवार वगळले की ४० उरतात. येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. दर रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस मानला जात असल्याने त्या दिवशी उपवास नसतो. व्रताच्या हिशेबातच आनंदाची जागा अशी राखलेली आहे.

इतिहास : इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेच्या पाचव्या नियमात या ४० दिवसांचा उल्लेख येतो. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी हा त्याचा एक जुना हेतू होता. पूर्वेकडील बिझंटाइन परंपरेत हा काळ सोमवारी सुरू होतो आणि त्याच्या आदल्या रविवारी लोक एकमेकांची क्षमा मागतात.

त्याग आणि दया : प्रार्थना, उपवास व दानधर्म ही या काळाची तीन अंगे आहेत. कॅथलिक नियमानुसार भस्म बुधवारी व उत्तम शुक्रवारी उपवास असतो. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे असते. शिवाय या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते. मात्र केवळ ताट रिकामे ठेवल्याने व्रत पुरे होत नाही. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात सांगितले आहे, की उपवासाच्या दिवशी वाचलेल्या जेवणाची किंमत मोजावी आणि ती विधवा, अनाथ किंवा गरजवंताला द्यावी. यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायातही देवाला आवडणारा उपवास म्हणजे जुलूम थांबवणे, भुकेल्याला आपल्यातले अन्न देणे, बेघराला घरात घेणे. एकाने सोडलेला घास दुसऱ्याच्या मुखी पडावा, हेच या व्रताचे मर्म.

आनंद : मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू उपवास करणाऱ्याला तोंड धुण्यास आणि डोक्याला तेल लावण्यास सांगतो, उतरलेला चेहरा करून उपवास मिरवायचा नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांतील ४९ व्या प्रकरणात संन्याशाने आपला त्याग आनंदाने अर्पावा आणि ईस्टरची उत्कंठेने वाट पाहावी, असे म्हटले आहे. चौथ्या रविवारी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालू शकतात; निम्मी वाट सरल्याचा तो हर्ष असतो.

महाराष्ट्र व गोवा : वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये या काळात ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती चालते. गोव्यात मोतेत ही दुःखसहनाची गीते गातात आणि गोवा वेल्हा येथे पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीत आणणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. कारितास इंडिया ही संस्था या काळात भूक व रोगराईविरुद्ध देशभर निधी गोळा करते.

समाप्ती : पवित्र आठवड्यातील गुरुवारी धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. सेवा करणारा तो मोठा, ही येशूची शिकवण त्यातून डोळ्यांना दिसते. उपवासकाळभर पश्चिमी उपासनेत ‘आलेलुया’ गात नाहीत. ईस्टरच्या रात्री तो घोष पुन्हा उठतो आणि चाळीस दिवस जपलेला आनंद मोकळा होतो.